बर्फात अडकलेलं गेस्ट हाऊस आणि बँक फार्मवरचा मुलगा

लंडनच्या वेस्ट एंडमधल्या सेंट मार्टिन्स थिएटरच्या दर्शनी दालनात एक लाकडी फलक आहे. आजचा प्रयोग कितवा, ते त्यावर आकड्यांत मांडलेलं असतं आणि दर प्रयोगाला तो आकडा एकाने वाढतो. देशोदेशींचे प्रवासी त्या फलकाशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि मग आत जाऊन ‘द माउसट्रॅप’ पाहतात. अगाथा ख्रिस्तीचं हे रहस्यनाट्य ६ ऑक्टोबर १९५२ रोजी नॉटिंगहॅममध्ये रंगमंचावर आलं आणि २५ नोव्हेंबरला लंडनच्या ॲम्बॅसडर्स थिएटरात पोचलं. १९७४च्या मार्चमध्ये ते शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये हललं. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा २५ हजारावा प्रयोग झाला. मोठा खंड पडला तो करोनाच्या साथीत, १६ मार्च २०२० पासून १७ मे २०२१ पर्यंत. जगात इतका काळ चाललेलं दुसरं नाटक नाही. ‘हे आठ महिने चालेल’ असा ख्रिस्तीचा स्वतःचा अंदाज होता. निर्माता पीटर सॉन्डर्स जास्त आशावादी होता, त्याने चौदा महिने धरले होते.

पडदा उघडतो तेव्हा समोर खेड्यातल्या एका जुन्या वाड्याचा दिवाणखाना दिसतो. नाव मॉन्क्सवेल मॅनॉर. मॉली आणि जाइल्स राल्स्टन या नवख्या जोडप्याला मॉलीच्या आत्याकडून तो वारशाने मिळालेला आहे. एवढं मोठं घर नोकरांशिवाय चालवणं अवघड आणि विकणं जिवावर येतं, म्हणून दोघांनी तिथे पाहुण्यांसाठी गेस्ट हाऊस काढलं आहे. आजचा पहिलाच दिवस. बाहेर बर्फ पडतो आहे. एकेक पाहुणा येतो. केस विस्कटलेला, लहान मुलासारखा वागणारा एक तरुण. प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणाऱ्या मिसेस बॉइल. निवृत्त मेजर मेटकाफ. परदेशात राहून आलेली, फारसं न बोलणारी मिस केसवेल. आणि आरक्षण न करता आलेले, गाडी बर्फात उलटल्याचं सांगणारे मिस्टर पॅराविचिनी. रेडिओवर बातमी लागते, की लंडनमध्ये कल्व्हर स्ट्रीटवर एका बाईचा खून झाला आहे. मग रस्ते बंद होतात, टेलिफोन मुका होतो आणि स्की घालून एक तरुण पोलीस सार्जंट खिडकीतून आत येतो. खुनाचा धागा याच घरापर्यंत पोचतो, असं त्याचं म्हणणं असतं.

प्रयोग संपल्यावर एक नट पुढे येऊन प्रेक्षकांना विनंती करतो, की खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका. सत्तर वर्षं लोकांनी ही विनंती बऱ्यापैकी पाळली आहे आणि मीही पाळणार आहे. ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांनी हा लेख निर्धास्त वाचावा. मला सांगायचं आहे ते दुसरंच. या नाटकाच्या पोटात एका मुलाचा खरा मृत्यू आहे. तो गुपित ठेवा असं कधीच कुणी म्हटलं नाही, तरीही नाट्यगृहातून बाहेर पडणाऱ्या हजारोंना तो ठाऊक नसतो. त्या मुलाचं नाव डेनिस ओनील.

*

सणाच्या दिवसांत खुनाची गोष्ट वाचायची, ही आवड मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ती आपल्याकडे मुरलेली आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांचा नमुना होता. त्या नाताळ अंकांची परंपरा गुन्हेकथेने भरलेली होती. शेरलॉक होम्स जगाला पहिल्यांदा भेटला तो १८८७च्या ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’मध्ये, म्हणजे एका सणाच्या अंकातच. आपल्याकडेही दिवाळी अंकाबरोबर रहस्यकथा आली आणि टिकली. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांनी तर त्यावरच आपला वाचक घडवला. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ज्या घरांत लपूनछपून वाचले जात, त्याच घरांत दिवाळीच्या फराळाबरोबर असे अंकही उघडले जात. तेव्हा एका दिवाळी अंकात इंग्लंडमधल्या या गेस्ट हाऊसची हकीकत यावी, यात मला तरी वेगळं काही वाटत नाही. दोन्हीकडचे वाचक एकाच घराण्यातले आहेत.

थंडी, सुट्टी, एका छपराखाली जमलेली माणसं आणि बाहेर जायला बंद झालेला रस्ता, हा इंग्रजी नाताळकथेच्या मांडणीचा ठरलेला भाग. जे. जेफरसन फार्जनच्या १९३७च्या ‘मिस्ट्री इन व्हाइट’मध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाडी बर्फात अडकते आणि प्रवासी एका रिकाम्या घरात शिरतात. स्वतः ख्रिस्तीने १९३८ साली ‘हर्क्यूल पॉयरॉज ख्रिसमस’ लिहिली. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान जेम्स वॉट्स यांची तक्रार होती, की तुझ्या कथांतले खून फार सोवळे होत चालले आहेत, रक्ताचा थेंब दिसत नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम रक्तरंजित खून रचून तिने ती कादंबरी त्यांनाच अर्पण केली. या वॉट्स घराण्याच्या चेशरमधल्या ॲबनी हॉलमध्ये लहानपणी तिचे नाताळ गेले होते. खेड्यातला प्रशस्त वाडा, जेवणाचं लांबलचक टेबल आणि त्याभोवतीची माणसं तिने तिथे डोळे भरून पाहिली होती.

पण १९४७ सालचा वाडा वेगळा होता. युद्ध संपलं तरी शिधापत्रिका संपल्या नव्हत्या. मांसावरचं रेशनिंग तर १९५४पर्यंत चाललं. नोकरमाणसं कारखान्यांत गेली होती. वारसा करांनी मोठी घरं मोडकळीला आणली होती. कित्येक वाड्यांची शाळा, इस्पितळं किंवा हॉटेलं झाली आणि उरलेले पाडले गेले. मॉली राल्स्टन रंगमंचावर स्वतः झाडलोट करते, जाइल्स कोकची भट्टी पेटवतो, तेव्हा त्या काळच्या प्रेक्षकाला ते चित्र शेजारच्या घरातलं वाटत होतं. बर्फही कल्पनेतला नव्हता. १९४७च्या जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत इंग्लंडवर अशी हिमवृष्टी झाली, की गावंच्या गावं तुटली आणि कोळसा खाणींतून हलेना. लोकांनी स्वेटर-कोट घालून घरात दिवस काढले. ते थंडीचे महिने ताजे असतानाच ही गोष्ट पहिल्यांदा ऐकू आली.

ऐकू आली म्हणायचं कारण, ती आधी रेडिओवर झाली. राणी मेरी यांचा ऐंशीवा वाढदिवस २६ मे १९४७ रोजी होता. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर २ डिसेंबर १९११ रोजी उतरलेल्या ज्या राजाराणीची नावं कोरलेली आहेत, त्यांतल्या याच राणी मेरी. वाढदिवसानिमित्त काय ऐकायला आवडेल, असं बीबीसीने विचारलं तेव्हा त्यांनी अगाथा ख्रिस्तीचं नाटक मागितलं. ख्रिस्तीने अर्ध्या तासाचं ‘थ्री ब्लाइंड माइस’ लिहून दिलं आणि ते ३० मे रोजी प्रसारित झालं. मानधनाचे शंभर गिनी तिने साउथपोर्ट इन्फर्मरीच्या मुलांच्या खेळणी निधीला द्यायला सांगितले. आजारी मुलांना खेळणी घेऊन देण्यासाठीचा तो निधी. राणीच्या वाढदिवसाला लिहिलेल्या त्या अर्ध्या तासात एका फार्मवर छळून मारलेल्या मुलाची गोष्ट होती, हे लक्षात घेतलं की ते शंभर गिनी मला सहज दिलेली देणगी वाटत नाहीत.

*

डेनिस ओनील वेल्समधल्या न्यूपोर्ट गावचा. घरात दारिद्र्य आणि आबाळ, म्हणून कोर्टाच्या हुकमाने ओनील भावंडं नगरपालिकेच्या ताब्यात आली. पुढची काही वर्षं एका घरातून दुसऱ्या घरात फिरण्यात गेली. १९४४च्या उन्हाळ्यात डेनिस आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स यांना श्रॉपशर परगण्यात मिन्स्टर्लीजवळच्या बँक फार्मवर पाठवलं गेलं. शेतकरी रेजिनाल्ड गॉफ आणि त्याची बायको एस्थर. मुलं सांभाळण्याचे पैसे त्यांना नगरपालिकेकडून मिळत. तिसरा भाऊ फ्रेडरिक त्याच भागात दुसऱ्या कुटुंबाकडे होता.

बँक फार्म डोंगराळ, आडबाजूला होतं. आजूबाजूला वस्ती विरळ. तिथे दोन मुलांचं काय चाललं होतं हे पुढे कोर्टात टेरेन्सच्या तोंडून बाहेर आलं. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. पोटभर अन्न मिळत नसे. भूक लागली म्हणून मुलं गाईच्या आचळांना तोंड लावून दूध पीत. दिवसभरात काही चुकलं की रात्री मार बसायचा, तोही मोजून. स्वीड नावाचा सलगमसारखा एक कंद गुरांना घालतात, त्याचा एक घास डेनिसने घेतला, यासाठी त्याला झोडपण्यात आलं. हिवाळ्यात पुरेसे कपडे नव्हते. पायांवर जखमा होऊन त्या चिघळल्या होत्या.

२० डिसेंबर १९४४ रोजी न्यूपोर्टहून पालिकेची एक कर्मचारी मुलांना भेटायला फार्मवर गेली. मुलगा आजारी आहे आणि भेदरलेला आहे, हे तिला दिसलं. मुलांना तिथून हलवायला हवं, असा अहवाल तिने परत जाऊन दिला. इथपर्यंत सगळं नीट झालं. पाहणारं माणूस गेलं, त्याने पाहिलं आणि लिहूनही दिलं. मग नाताळ आला. मग नववर्ष. मुलं एका पालिकेच्या जबाबदारीवर आणि राहायला दुसऱ्या परगण्यात, त्यामुळे कोणी काय करायचं याची पत्रं इकडून तिकडे जात राहिली. तो नाताळ डेनिसने बँक फार्मवर काढला.

९ जानेवारी १९४५ रोजी एस्थर गॉफने डॉक्टरला निरोप धाडला, की मुलाला झटके येत आहेत. डॉक्टर पोचला तेव्हा डेनिसला जाऊन बरेच तास उलटले होते. तो बारा वर्षांचा होता. शवविच्छेदनात कुपोषण दिसलं, छातीवर आघाताच्या आणि पाठीवर काठीच्या माराच्या खुणा दिसल्या. अशा अवस्थेतल्या देहाला तो मार सोसला नाही आणि हृदय बंद पडलं, असं कारण नोंदलं गेलं. पोलिसांनी दोघांना अटक केली.

इथे कोडं काहीच नव्हतं. रहस्यकथेत शेवटच्या पानापर्यंत आपण ज्याचा शोध घेत असतो, ते बँक फार्मवर पहिल्या दिवशीच माहीत होतं. घरात दोन मोठी माणसं आणि दोन मुलं. बाहेर तपासायला हवे होते ते कागद. डेनिसला पाठवण्याआधी गॉफ कुटुंबाची चौकशी कोणी केली होती? मुलाची वैद्यकीय तपासणी कोणी करायची होती? डिसेंबरातला अहवाल कोणत्या टेबलावर पडून होता? इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी युद्धाच्या बातम्यांच्या गर्दीतही या प्रश्नांना पहिल्या पानावर जागा दिली.

श्रॉपशरमध्ये लोकांचा संताप इतका होता, की खटला श्रूजबरीऐवजी स्टॅफर्डला चालवला गेला. १९४५च्या मार्चमध्ये रेजिनाल्ड गॉफला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची सक्तमजुरी झाली आणि एस्थरला हयगयीसाठी सहा महिन्यांची कैद. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्याकडे चौकशी सोपवली. वसंत ऋतूत आलेल्या त्या अहवालात दोन्ही पालिकांच्या कारभारातल्या एकेक फटी उघड झाल्या. मुलं ज्यांच्या हाती द्यायची त्यांची नीट पारख न करणं, भेटी वेळेवर न होणं आणि एकाने दुसऱ्यावर विसंबून राहणं, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. क्रौर्य गॉफ दांपत्याचं होतं, पण त्याला वाट या विसंबून राहण्याने मोकळी करून दिली होती.

हा एकट्या न्यूपोर्टचा दोष नव्हता. लेडी ॲलन ऑफ हर्टवुड या बाईंनी डेनिसच्या मृत्यूच्या सहा महिने आधीच, १९४४च्या जुलैत, ‘द टाइम्स’ला पत्र लिहून संस्थांतल्या निराधार मुलांच्या हालांकडे लक्ष वेधलं होतं. त्या पत्राने लोकांची मनं हलली. मायरा कर्टिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने १९४६ साली अहवाल दिला. तो अहवाल संस्थांत आणि परक्या घरांत राहणाऱ्या हजारो मुलांविषयी होता. त्यातून १९४८चा बालक कायदा झाला. प्रत्येक स्थानिक प्रशासनात मुलांसाठी स्वतंत्र समिती आणि स्वतंत्र अधिकारी नेमणं बंधनकारक झालं. अमुक मूल कोणाच्या जबाबदारीचं, या प्रश्नाला पहिल्यांदा एका ठरलेल्या माणसाचं नाव जोडलं गेलं. आज ब्रिटनमध्ये बालसंरक्षणाचा इतिहास शिकवताना डेनिस ओनीलपासून सुरुवात करतात, ती याचसाठी.

*

आता त्या रेडिओच्या संध्याकाळकडे परत जाऊ. १९४७ साली ‘थ्री ब्लाइंड माइस’ ऐकणाऱ्यांच्या मनात डेनिसची बातमी जेमतेम दोन वर्षांची होती. पण त्याहून जवळची एक गोष्ट होती. १९३९च्या १ सप्टेंबरपासून पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोकांना, त्यांत बहुसंख्य मुलांना, शहरांतून खेड्यांत हलवण्यात आलं होतं. गळ्यात नावाची चिठ्ठी बांधलेली मुलं अनोळखी माणसांच्या दारात उभी करण्यात आली होती. ती माणसं बहुतेक ठिकाणी प्रेमळ निघाली, काही ठिकाणी नाही. रेडिओपुढे बसलेल्या असंख्य आईबापांनी आपलं मूल कधी ना कधी परक्या घरी पाठवलेलं होतं. आडगावच्या फार्मवर छळलेल्या मुलाची गोष्ट त्यांना काल्पनिक वाटणं शक्यच नव्हतं.

ख्रिस्तीने नावं आणि तपशील बदलले. तिच्या गोष्टीत फार्मचं नाव लाँगरिज आहे आणि मुलं तीन आहेत, कॉरिगन भावंडं. त्यांतलं धाकटं मूल छळाने दगावतं. लंडनमध्ये कल्व्हर स्ट्रीटवर खून होतो तो शिक्षा भोगून बाहेर आलेल्या त्या फार्मवरच्या बाईचा. हे सगळं पहिल्याच अंकात कळतं, म्हणून ते सांगितल्याने गुपित फुटत नाही. मला या रचनेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. गेस्ट हाऊसमध्ये जमलेल्या माणसांत अशी एक व्यक्ती आहे, जिने दंडाधिकारी या नात्याने ती मुलं त्या फार्मवर पाठवण्याच्या हुकमावर सही केली होती. तिने कुणाला हात लावलेला नाही. ती आपली कसूर मानायलाही तयार नाही. आम्ही चौकशी केली होती, माणसं बरी वाटली, आणखी काय करणार, असा तिचा सूर आहे. ख्रिस्तीने तिला बाकीच्या संशयितांच्या पंगतीत आणून बसवलं. मॉन्क्टन अहवालाने पानंच्या पानं खर्ची घालून जे मांडलं, ते तिने एका पात्राच्या ताठ्यात दाखवलं.

रंगमंचासाठी नाव बदलावं लागलं, कारण ‘थ्री ब्लाइंड माइस’ याच नावाचं दुसरं नाटक आधी येऊन गेलं होतं. ख्रिस्तीचे जावई अँथनी हिक्स यांनी ‘द माउसट्रॅप’ सुचवलं. शेक्सपिअरच्या हॅम्लेटने काकाला अपराधाची टोचणी लागावी म्हणून दरबारात करवलेल्या नाटकाचं ते नाव. पहिल्या संचात स्की घालून येणाऱ्या सार्जंट ट्रॉटरच्या भूमिकेत रिचर्ड ॲटनबरो आणि मॉलीच्या भूमिकेत त्यांची पत्नी शीला सिम होते. या दांपत्याने नफ्यातला दहा टक्के वाटा घेतला होता आणि पुढे त्याचं सोनं झालं. ॲटनबरो यांनी उरलासुरला वाटा अखेर विकून टाकला तो ‘गांधी’ चित्रपट तगवण्यासाठी. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी ज्या चित्रपटात कस्तुरबा झाल्या, तोच हा १९८२चा चित्रपट. मॉन्क्सवेल मॅनॉरच्या तिकीटखिडकीवरचे पैसे असे फिरत फिरत आपल्याकडे येऊन पोचले.

खऱ्या गुन्ह्यावर नाटक उभं करणं मराठी रंगभूमीला नवं नाही. एका भामट्याच्या खऱ्या खटल्यावरून आचार्य अत्र्यांनी ‘तो मी नव्हेच’ लिहिलं, १९६२ साली ते रंगमंचावर आलं आणि प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे अजरामर केला. पण तिथे मूळ खटला लोकांच्या तोंडी राहिला. फसवल्या गेलेल्या बायकांची वेदना प्रत्येक साक्षीतून पुढे येत होती, तिला बाजूला ठेवून नाटक पाहताच येत नव्हतं. ‘माउसट्रॅप’च्या बाबतीत उलट घडलं. कोडं इतकं घट्ट विणलेलं आहे, की पहिल्या पिढीचे प्रेक्षक गेल्यावर त्याखालचं दुःख दिसेनासं झालं. आज सभागृहात बसलेला माणूस कोकच्या भट्टीला आणि बर्फाला गतकाळाची गंमत म्हणून पाहतो. लाँगरिज फार्मचा उल्लेख आला की तो धागादोरा म्हणून लक्षात ठेवतो. यात त्याचा दोष नाही, पण हानी मात्र झाली आहे. अगाथा ख्रिस्तीला नुसती कोडी घालणारी बाई म्हणणाऱ्यांनी हे नाटक पुन्हा पाहावं, असं मला आग्रहाने वाटतं. ती उगाच दुष्ट माणसं रचत नव्हती. मोठ्यांनी पाठ फिरवल्यामुळे मुलांचं काय होतं आणि त्या मुलांच्या मनात ते किती वर्षं धुमसत राहतं, हा या नाटकाचा गाभा आहे आणि तो तिने कोणत्याही भाषणाशिवाय लोकांपुढे ठेवला.

नाताळच्या सुट्टीत हे नाटक पाहायला जाणाऱ्या कुटुंबांना कोणी डेनिसबद्दल सांगितलं तर त्यांचा आनंद कमी होईल का? मला नाही वाटत. रहस्यकथेचा वाचक भित्रा नसतो. त्याला सत्य हवं असतं, म्हणून तर तो शेवटच्या पानापर्यंत जागतो. दर्शनी दालनातल्या त्या लाकडी फलकाशेजारी डेनिस ओनीलच्या नावाचा आणखी एक छोटा फलक लावावा, इतकीच माझी मागणी असती.

नाव जपण्याचं काम शेवटी भावाने केलं. दहाव्या वर्षी कोर्टात उभा राहून मोठ्या माणसांपुढे सगळं खरं सांगणारा टेरेन्स ओनील मोठा झाला, संसाराला लागला आणि २०१० साली त्याने ‘समवन टू लव्ह अस’ हे आत्मकथन प्रसिद्ध केलं. जगप्रसिद्ध नाटकामागच्या मुलाची ओळख ज्यांना करून घ्यायची आहे, त्यांनी ते वाचावं.

आणि आपल्याकडचं काय? अनाथ, पळून आलेली, कामाला जुंपलेली, नातेवाइकांच्या दारात ठेवलेली मुलं आपल्या शहरांत आणि गावांत कमी नाहीत. त्यांच्यासाठी १०९८ ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. कुणीही फोन करू शकतं, मूल स्वतःही. बँक फार्मवर गेलेल्या त्या कर्मचारी बाईने जे पाहायचं ते पाहिलं होतं, पण मधे सण आला. या दिवाळीत एखाद्या घरात, हॉटेलात किंवा ढाब्यावर भुकेलेलं, मार खाल्लेलं, घाबरून नजर चुकवणारं मूल दिसलं, तर सुट्टी संपायची आणि दुसरं कोणी काही करेल याची वाट पाहू नका. १०९८ फिरवा. फोन विनाशुल्क आहे आणि दिवसरात्र चालू असतो.